तुडूम, सलंग आणि तलावाचे पाणी

वैनगंगेच्या खोऱ्यातील झाडीपट्टीत, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीसह पूर्व विदर्भातील धानाच्या प्रदेशात, गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने जे तलाव बांधले, त्यांतील खरे कौशल्य पाणी अडवण्यापेक्षा ते किती वेगाने सोडावे हे ठरवण्यात होते. मातीच्या पाळीत, म्हणजे बांधात, ‘तुडूम’ नावाची पाणी सोडण्याची वाट ठेवलेली असे. तिची एकाखाली एक असलेली भोके खुंट्यांनी बुजवलेली असत आणि पाणी उतरेल तशी वरची खुंटी आधी व खालची नंतर काढल्याने पाटातला प्रवाह बेताचा राही, कारण भरल्या तलावात तळाचेच भोक उघडले तर पाण्याच्या दाबाने पाटाच्या कडा ढासळण्याची आणि बांध्यांतील, म्हणजे खाचरांतील, कोवळे धान लोळण्याची भीती असे. वाटपाचे हे काम ‘पाणकर’ पाही. जादा पाणी ‘सलंग’ या सांडव्यावरून जाई, आणि पावसाळ्याच्या आरंभी त्याच वाहत्या पाण्याच्या उलट दिशेने मासे अंडी घालण्यास चढत, हे ढीवर मासेमारांना कोणत्याही अभियंत्याच्या आधी ठाऊक होते. तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या चांदा जिल्ह्यात 1950च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाची मालकी आणि सारावसुलीचा हक्क, संपली. त्यामुळे मालगुजारांच्या ताब्यातील हे तलाव सरकारकडे गेले, पाणकराचा मान ओसरला आणि देखभालीअभावी अनेक तलाव गाळाने उथळ झाले. सरकारदरबारी त्यांची नोंद आजही ‘माजी मालगुजारी तलाव’ अशीच आहे.