दाबोळी ते लिस्बन : अंतर किती?

परवा भाच्याचा लिस्बनहून फोन. "मामा, पोचलो. मधे विमान बदललं, 16 तास गेले. अंग नुसतं आंबून गेलंय!" मी म्हटलं, बाबा रे, 16 तासांना कंटाळलास? ऐक मग.

दाबोळी ते लिस्बन सरळ रेषेत साधारण 8,300 किलोमीटर. थेट विमान असतं तर दहाएक तासांचं काम. पाखल्यांची जुनी जहाजं मार्च-एप्रिलात लिस्बन सोडायची, आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरच्या सुमाराला गोव्याला लागायची. 1869 मध्ये सुएझचा कालवा झाला आणि आगबोटींनी महिन्यांचे आठवडे केले.

विमानाची गोष्ट 1955 ची. भारताने नाकेबंदी केली, सीमा बंद झाल्या, रेल्वे थांबली. तेव्हा पोर्तुगीज सरकारने दाबोळीला विमानतळ उभारला आणि 'ताइप' ही स्वतःची विमान कंपनी काढली. भारतावरून उडायची सोय नव्हती, म्हणून विमानं समुद्रावरून कराचीला जायची आणि पुढे टप्पे घेत लिस्बनला. इकडे आमच्या आजीचं माहेर बेळगावचं, घाट चढला की आलं. पण सख्ख्या भावाच्या लग्नाला तिला जाता आलं नाही. 8,300 किलोमीटरवरचं लिस्बन विमानाने जोडलेलं आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं माहेर तुटलेलं, असे ते दिवस!

18 डिसेंबर 1961 ला भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्याच रात्री तिथली दोन विमानं, काही पोर्तुगीज कुटुंबं घेऊन, अंधारात कराचीकडे निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. आजी लगेच माहेरी जाऊन आली.

पण एक माणूस परत यायचा राहिला होता. मूळचे सांगलीकडचे मोहन रानडे फोंड्याच्या बाजूला सावई-वेरे इथे मराठी शिकवायला आले आणि मुक्तिलढ्यात पडले. ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात डांबलं. गोवा सुटला, पण रानडे सुटले नाहीत. दोन्ही देशांचे संबंध तुटलेले, मग बोलायचं कोणी? सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती काढून वर्षानुवर्षं धडपड केली. शेवटी जानेवारी 1969 मध्ये ते सुटले. एकूण कैद 13 वर्षांहून जास्त, त्यातली सात वर्षं गोवा मुक्त झाल्यानंतरची!

भाचा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, काशियास इथून लोकलने जवळच आहे. रविवारी जाऊन येतो."

मंडळी, नाकेबंदीच्या काळात तुमच्याही घरातलं कोणी सीमेपलीकडे अडकलं असेल. जाणती माणसं आहेत तोवर विचारून घ्या आणि इथे लिहा.