जुन्या पिकअपला मोठे टायर लावले की गाडी 'ऑफरोड' होते का? आधी हे गणित समजून घ्या!

१९८५ साली आलेल्या 'बॅक टू द फ्युचर' या हॉलिवूडपटात मार्टी मॅकफ्लाय नावाचा पोरगा एका काळ्या पिकअपवर जीव टाकून असतो. उंच उचललेली, जाडजूड टायरांची आणि दिव्यांची रांग असलेली ती गाडी म्हणजे टोयोटाची एसआर५ पिकअप. जगाच्या बऱ्याच भागांत 'हायलक्स' नावाने ओळखली जाणारी ही गाडी त्या काळात अमेरिकेत नुसती 'टोयोटा पिकअप' म्हणून विकली जायची. पुढे १९९५ च्या सुमारास तिची जागा 'टाकोमा'ने घेतली. तरीही युटा राज्यातल्या मोआबच्या खडकांवर आणि कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर या जुन्या गाड्या आजही धावताना दिसतात.

अशी गाडी हातात आली की बहुतेकांना पहिला बदल सुचतो तो मोठ्या टायरांचा. चार टायर बदलायचे, बस्स! पण टायर मोठा झाला की गिअर, ब्रेक, स्टिअरिंग आणि स्पीडोमीटर या सगळ्यांचं गणित बदलतं. ते कसं, हे याच गाडीच्या उदाहरणावरून पाहूया.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

या पिकअपच्या अनेक मॉडेल्सना कंपनीकडून २२५/७५ आर१५ मापाचे टायर यायचे. २२५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे रुंदीच्या ७५ टक्के इतकी टायरच्या बाजूची उंची आणि १५ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. हिशोब केला तर या टायरची एकूण उंची साधारण २८.३ इंच भरते.

हौशी मंडळींचा आवडता टायर असतो ३३×१०.५० आर१५. यात पहिला आकडा थेट उंचीचा, म्हणजे ३३ इंच. दोन्हींत फरक ४.७ इंचांचा, म्हणजे जवळपास १७ टक्क्यांचा. हा १७ टक्के आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे तो सारखा भेटणार आहे.

गाडी किती उंच होते?

टायर ४.७ इंचांनी मोठा झाला म्हणजे गाडी तेवढीच वर जात नाही. ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो, त्यामुळे उंची वाढते निम्मीच. इथे ती सुमारे सव्वादोन इंच.

मग सस्पेन्शनला लिफ्ट किट लावलं तर? लिफ्ट किटने चासी आणि बॉडी वर जाते, पण मागचा सलग ॲक्सल आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा जिथल्या तिथेच राहतो. खडकावर सगळ्यात आधी आपटतो तो हाच गोळा. त्याला वर उचलायचं तर मोठ्या टायरशिवाय सोपा मार्ग नाही. म्हणूनच ऑफरोडिंगमध्ये मोठ्या टायरला एवढं महत्त्व आहे.

लिफ्टचं खरं काम मोठ्या टायरला फिरायला जागा करून देण्याचं. ती दोन प्रकारची असते. सस्पेन्शन लिफ्टमध्ये पाटे, स्प्रिंग किंवा टॉर्शन बार यांत बदल करतात. बॉडी लिफ्टमध्ये चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवतात. यात बॉडी वर जाते, चासी मात्र होती तिथेच राहते. दोन्हींत गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर किंवा उतारावर कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून टायर बसण्यापुरती लिफ्ट पुरे.

इंजिनाला धाप का लागते?

या पिकअपमधलं २.४ लिटरचं पेट्रोल इंजिन टिकाऊपणासाठी नावाजलेलं आहे. मात्र त्याची ताकद जेमतेम १०० ते ११५ हॉर्सपॉवर. अनेक गाड्यांमध्ये क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर ४.१० असायचं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टचे ४.१० फेरे.

टायर ३३ इंचांचा केला की चाक एका फेऱ्यात १७ टक्के जास्त अंतर कापतं. परिणामी ४.१० चा गिअर ३.५२ असल्यासारखा वागतो. चढावर गिअर पुन्हा पुन्हा खाली घ्यावा लागतो, क्लच लवकर झिजतो, पाचवा गिअर नावापुरता उरतो. खडकातून मुंगीच्या पावलांनी जायचं असतं, तिथे गाडी नको तेवढी पळते.

यावर उपाय म्हणजे क्राऊन-पिनियन बदलणं. मूळची ओढ परत मिळवायला ४.७८ च्या आसपासचं गुणोत्तर लागतं. बाजारात त्याच्या सगळ्यात जवळचा सेट ४.८८ चा मिळतो. हे काम पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही डिफरन्शियलमध्ये करावं लागतं. एकच बदलला आणि फोर-व्हील ड्राइव्ह लावला, तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि गिअर किंवा शाफ्ट तुटतो.

स्टेपनीलाही हाच नियम लागू होतो. चार टायर ३३ चे आणि स्टेपनी जुनी २८ ची, असं चालत नाही. टायर पाचच घ्यायला हवेत. मोठी स्टेपनी मूळ जागेत बऱ्याचदा बसत नाही, तिच्यासाठीही वेगळी सोय करावी लागते.

सगळ्यात मोठा धोका: ब्रेक आणि वेग

टायर मोठा झाला की ब्रेकची पकड आणि जमीन यांच्यातलं अंतर वाढतं. त्यामुळे गाडी पूर्वीइतक्याच अंतरात थांबवायला ब्रेकला १७ टक्के जास्त जोर लावावा लागतो. जड टायर आणि लोखंडी बंपर यांचं वजन त्यात धरलेलंच नाही.

त्यातच स्पीडोमीटर चुकीचं सांगू लागतो. काटा ८० वर असताना गाडी प्रत्यक्षात ९३ च्या वेगाने धावत असते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे चालकाला ८० वाटत असताना ब्रेकला सुमारे ३५ टक्के जास्त ऊर्जा जिरवायची असते! म्हणून ब्रेक पॅड, ड्रम, नळ्या आणि मास्टर सिलिंडर यांची तपासणी टायर घेण्याआधीच व्हायला हवी. स्पीडोमीटरही नव्या मापानुसार दुरुस्त करून घ्यावा.

जुन्या गाडीत आधी काय पाहायचं?

पहिली गोष्ट म्हणजे चासीचा गंज. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते लोखंड पोखरतं. १९९५ ते २००० च्या टाकोमांमध्ये चासी गंजण्याची समस्या इतकी वाढली की २००८ मध्ये टोयोटाने तिथे या गाड्यांच्या चासीसाठी १५ वर्षांची हमी जाहीर केली. गंजलेल्या चासीवर लिफ्ट आणि मोठे टायर म्हणजे पोकळ वाशांवर मजला चढवणं.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढचा ॲक्सल. १९८५ पर्यंतच्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपला पुढेही सलग ॲक्सल आणि पाटे होते. १९८६ पासून स्वतंत्र सस्पेन्शन आलं. त्यामुळे रस्त्यावर गाडी आरामदायी झाली, पण तिला उंच करणं किचकट झालं. स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला की दोन्ही प्रकारांत पुढच्या शाफ्टचे सांधे तुटू शकतात. टायर मोठा असेल तर ही शक्यता आणखी वाढते.

योग्य क्रम कोणता?

आधी चासी, ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि व्हील बेअरिंग. मग गिअरचं गुणोत्तर आणि गरजेपुरती लिफ्ट. टायर सगळ्यात शेवटी.

त्याआधी जवळपास फुकटातला एक उपाय करून पाहता येतो, तो म्हणजे हवा कमी करणं. रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय असलेली हवा वाळूत १५ ते २० वर आणली की टायर पसरतो, जमिनीवरचा त्याचा ठसा लांब होतो आणि पकड वाढते. रस्त्यावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायलाच हवी, नाहीतर टायर तापून फुटू शकतो. मूळ मापाचे चांगले खोल नक्षीचे टायर आणि सोबत हवेचा छोटा पंप, एवढ्यावर अनेकांचं काम भागतं.

भारतात हे चालतं का?

अमेरिकेत उंची आणि टायरबाबत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. भारतात मात्र मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे. त्यानुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे गॅरेजवाला "सगळेच लावतात" म्हणाला, तरी कंपनीने त्या मॉडेलसाठी कोणती मापं दिली आहेत ते पाहावं आणि आरटीओ व विमा कंपनीला आधी विचारावं. अपघात झाल्यावर हे प्रश्न तेच विचारतील.