कामगारांच्या खोल्या कुटुंबाचे घर कशा होतात?

न्हावा शेवा बंदर 1989 साली सुरू झाले. आजूबाजूला कंटेनर यार्ड आणि गोदामे उभी राहिली, पण तिथे राबणाऱ्याला परवडेल असे घर मिळणे आजही अवघड. कित्येक जण भाड्याच्या एका खोलीत मिळून राहतात आणि बायको-मुले गावी. अशी एकट्या माणसाची खोली कुटुंबाचे घर होऊ शकते का? आपल्याच भागात याची उदाहरणे आहेत.

कोन, पनवेल
एमएमआरडीएने 2008 मध्ये भाड्याच्या घरांची योजना आणली. एक घर फक्त 160 चौरस फुटांचे. पुढे कोन येथील अशी घरे गिरणी कामगारांना द्यायचे ठरले. दोन-दोन घरे जोडून 320 चौरस फुटांचे एक घर केले, किंमत 6 लाख रुपये. डिसेंबर 2016 मध्ये 2,417 घरांची सोडत निघाली. मात्र सोडतीनंतर चाव्या हातात पडायला अनेक वर्षे लागली. 2020 मध्ये या इमारती कोरोनाच्या विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या. नंतर दुरुस्तीचे काम निघाले.

बीडीडी चाळी, मुंबई
1920 च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या या चाळी. 160 चौरस फुटांची खोली, शौचालय सामायिक. पुढे त्याच खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले. आता म्हाडा त्या पाडून पात्र रहिवाशांना 500 चौरस फुटांचे घर मोफत देत आहे. वरळीतील 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये चाव्या मिळाल्या.

बाहेर काय झाले?
दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात कामगार पुरुषांसाठी वसतिगृहे होती, कुटुंबाला तिथे जागा नव्हती. 1994 नंतर त्यांपैकी अनेकांचे कौटुंबिक घरांत रूपांतर सुरू झाले.

केंद्राची योजना
2020 च्या परवडणाऱ्या भाडे-गृहसंकुल योजनेत सरकारी पैशातून बांधलेली रिकामी घरे स्थलांतरित कामगारांना भाड्याने देण्याची तरतूद होती.

लक्षात ठेवा
नुसती भिंत पाडून घर होत नाही. स्वयंपाकाची जागा, आतले शौचालय, पाणी, जवळ शाळा-दवाखाना हवा. घराच्या कागदावर पत्नीचेही नाव असावे. सोडतीसाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार आणि पॅन आधीच तयार ठेवा. सगळीकडे नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, तेही बघा. उर्दू-मराठी-इंग्रजीच्या घोळात शेख, सय्यद, अन्सारी ही नावे कागदोपत्री वेगवेगळी उमटतात, आणि हक्काचे घर तिथेच अडकते.