निजाम म्हणजे राजा नव्हे : चाकरीच्या पदव्यांवर चाललेली दोन राज्ये

धाराशिव जिल्ह्यातील कळंब सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. तेथील रयत ज्याला 'निजाम सरकार' म्हणत असे, त्याच्या मुख्य पदव्यांत 'राजा' या अर्थाचा शब्दच नव्हता. 'निजाम-उल-मुल्क' म्हणजे मुलखाची व्यवस्था पाहणारा. 'आसफजाह' म्हणजे आसफच्या तोलाचा. आणि आसफ हा परंपरेनुसार सुलेमान बादशहाचा वजीर. दोन्ही पदव्या कारभाऱ्याच्या आहेत, धन्याच्या नव्हेत.

सव्वादोनशे वर्षे राज्य करणाऱ्या घराण्याने नोकराचे बिरुद का सांभाळले? उत्तरासाठी दिल्लीकडे पाहावे लागते. चिन किलिच खानाला 'निजाम-उल-मुल्क' ही पदवी बादशहा फर्रुखसियरने १७१३ मध्ये दिली. १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे त्याने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खन प्रत्यक्षात त्याचे झाले. तरीही त्याने तख्त मांडले नाही. नाणी बादशहाच्या नावाने पडत राहिली, शुक्रवारचा खुतबाही त्याच्याच नावाने वाचला जाई.

ही रीत १८५७ च्या उठावापर्यंत टिकली. पुढे बादशाहीच संपली, तेव्हा नाण्यावर कोणाचे नाव घालावे हा पेच आला. हैदराबादने काढलेली तोड मोठी मासलेवाईक आहे. राज्य करणाऱ्या निजामाचे पूर्ण नाव आले नाही. मूळ पुरुष आसफजाहची पदवी आली, आणि सोबत ९२ हा आकडा. अबजद गणनेत 'मुहम्मद' या नावाच्या अक्षरांची बेरीज ९२ होते. पुढे चारमिनारचे चित्र असलेली नाणी निघाली, तेव्हा गादीवरच्या निजामाला त्या कमानीत एका अक्षराएवढी जागा मिळाली : महबूब अलीचा 'मीम', उस्मान अलीचा 'ऐन'.

याच्या नेमके उलट पाऊल ६ जून १६७४ रोजी रायगडावर पडले होते. भोसले घराण्याला सुलतानांच्या आणि बादशहाच्या पदव्या नव्या नव्हत्या. पुरंदरच्या तहानंतर बाल संभाजीराजांना मुघलांची पंचहजारी मनसब मिळाली होती. परंतु जे देता येते ते काढूनही घेता येते. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक करवून पदवीचा उगमच बदलला. 'छत्रपती' हे पद कोणा वरिष्ठाने बहाल केलेले नव्हते. त्या दिवसापासून स्वतंत्र शक सुरू झाला, नाण्यावर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे आली, पेशव्याला 'मुख्य प्रधान' आणि मुजुमदाराला 'अमात्य' अशी संस्कृत नावे मिळाली.

राजचिन्हांची गोष्ट मात्र जरा वेगळी आहे. समारंभाला हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन याने सिंहासनाच्या दोहो बाजूंची चिन्हे टिपून ठेवली : उजवीकडे मोठ्या दातांची दोन सोन्याची मत्स्यशीर्षे, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि उंच भाल्याच्या टोकाला सोन्याचा तराजू. ती मुसलमानी दरबारांच्या धर्तीची आहेत, हेही त्याने नोंदवले. मासा हे 'माही मरातिब' या मुघल सन्मानाचे चिन्ह. बादशहा ते निवडक उमरावांना देत असे. रायगडावर ते कोणी दिलेले नव्हते. पाहुण्या वकिलांना हीच खूण सर्वांत लवकर कळणार होती, म्हणून ती तेथे उभी राहिली असावी.

पुढे पन्नास-साठ वर्षांत मराठी राज्यातही चक्र फिरले. छत्रपती साताऱ्यास, सत्ता पुण्यास. पण पेशव्यांनी राजा म्हणवून घेतले नाही. त्यांच्या मुद्रेत आधी छत्रपतींचे नाव, मग 'मुख्य प्रधान' म्हणून स्वतःचे. नवा पेशवा साताऱ्याहून वस्त्रे आल्याखेरीज अधिकृत ठरत नसे. नागपूरकर भोसल्यांचे 'सेनासाहेबसुभा', बडोद्याच्या गायकवाडांचे 'सेनाखासखेल' ही पदेही छत्रपतींच्या चाकरीचीच. १७९२ मध्ये महादजी शिंदे दिल्लीहून 'वकील-इ-मुतलक' पदाचे फर्मान घेऊन पुण्यास आले, तेव्हा ते स्वीकारण्यापूर्वी पेशव्यांना साताऱ्याची संमती घ्यावी लागली. यात निव्वळ शिष्टाचार नव्हता. पेशव्याने स्वतःवर छत्र धरले असते, तर नागपूर आणि बडोद्यानेही का धरू नये, या प्रश्नाला पुण्याजवळ उत्तर नव्हते.

कळंबच्या पश्चिमेला, आजच्या जामखेड तालुक्यात, खर्डा आहे. तेथे ११ मार्च १७९५ रोजी निजाम अली आणि सवाई माधवराव यांच्या फौजा भिडल्या. कागदोपत्री पाहिले तर ही दोन नोकरांची लढाई होती. निजामाचा धनी शाह आलम दिल्लीत, डोळे काढलेला, शिंद्यांच्या पहाऱ्यात. पेशव्यांचे धनी दुसरे शाहू महाराज साताऱ्यात, पेशव्यांच्याच बंदोबस्तात. ज्यांच्या नावाने दोन्ही दरबार चालत होते, त्यांपैकी एकालाही या युद्धाबद्दल कोणी विचारण्याचे कारण नव्हते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. साताऱ्याची गादी इंग्रजांनी पुन्हा उभी केली आणि १८४८ मध्ये खालसा केली. निजाम टिकले, कारण त्यांनी दिल्लीऐवजी इंग्रज हा धनी मानला. पहिल्या महायुद्धातील मदतीबद्दल १९१८ मध्ये उस्मान अली खानांना 'हिज एग्झॉल्टेड हायनेस' ही पदवी मिळाली. इतर संस्थानिक साधे 'हिज हायनेस'. या मोठेपणाची किंमत १९२६ मध्ये कळली. निजामाने वऱ्हाड परत मागितला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने उत्तर दिले की, ब्रिटिश सत्तेशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा हक्क हिंदुस्थानातील कोणत्याही संस्थानिकाला नाही. दहा वर्षांनी, १९३६ मध्ये, तोडगा निघाला तो असा : थोरले चिरंजीव आझमजाह 'प्रिन्स ऑफ बेरार' झाले आणि वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडेच राहिला.

मुलखावाचून पदवी ही काही हैदराबादचीच मिरास नव्हे. स्वीडनचा राजा शतकानुशतके 'स्वीड, गोथ आणि वेंड यांचा राजा' म्हणवीत असे. वेंड तर बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्यावरचे जुने स्लाव लोक. १९७३ मध्ये कार्ल सोळावे गुस्ताफ गादीवर आले आणि त्यांनी केवळ 'स्वीडनचा राजा' एवढेच ठेवले. त्या समारंभात मुकुट डोक्यावर नव्हता, शेजारी उशीवर होता. १९०७ पासून तेथे कोणाही राजाने राज्याभिषेक करवून घेतलेला नाही. राजकुलातील मुलांना प्रांतांच्या सरदारक्या आजही मिळतात, पण १७७२ पासून त्या नावापुरत्याच आहेत. सारा गोळा करणे नाही, न्याय करणे नाही. थोडक्यात, सगळेच 'प्रिन्स ऑफ बेरार'. फरक इतकाच की तेथे हे उघड मान्य आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने नळदुर्गकडे सरकल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आले. १९५० मध्ये ते हैदराबादचे राजप्रमुख झाले, म्हणजे पुन्हा एकदा दुसऱ्या सत्तेने नेमलेले. हे पदही १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत गेले. १९६७ मध्ये ते वारले, तेव्हा वारसा मुलाला डावलून नातू मुकर्रमजाह यांच्याकडे गेला; आझमजाह यांना ना वऱ्हाड मिळाला, ना हैदराबाद. चारच वर्षांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही बंद केले.