ग्राफिक्स कार्ड स्लॉटमध्ये बसते, मग गेम का चालत नाही?

संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवले, पंखे फिरले, पडद्यावर चित्रही आले. पण ज्या गेमसाठी एवढा खर्च केला तो मात्र सुरूच होत नाही. असे का होते? कारण कार्डाची सुसंगतता दोन पातळ्यांवर पाहावी लागते. पहिली पातळी हार्डवेअरची: स्लॉट, वीज आणि कॅबिनेटमधील जागा. दुसरी पातळी भाषेची: गेम ज्या भाषेत आज्ञा देतो, ती त्या कार्डाला समजते का? पहिली पातळी डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही, म्हणून ती समजून घेणे अधिक गरजेचे आहे.

ग्राफिक्स एपीआय म्हणजे काय?

बाजारात अनेक कंपन्यांच्या चिप असतात आणि प्रत्येकीची अंतर्गत रचना वेगळी असते. प्रत्येक चिपसाठी वेगळा गेम लिहिणे शक्य नसते. म्हणून ‘इथे त्रिकोण काढ, त्यावर हे चित्र चढव, या बाजूने प्रकाश पाड’ अशा आज्ञांचा एक ठरावीक संच वापरतात. त्याला ग्राफिक्स एपीआय म्हणतात. कार्डासोबत मिळणारा ड्रायव्हर या आज्ञांचे त्या चिपला समजेल असे रूपांतर करतो. म्हणजेच गेम, एपीआय, ड्रायव्हर आणि चिप अशी ही साखळी आहे. त्यातली एक कडी तुटली तरी गेम चालत नाही.

एका कार्डाची एक भाषा

१९९० च्या दशकाच्या मध्यावर ही साखळी विस्कळीत होती. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने १९९२ मध्ये ओपनजीएल हे मानक आणले होते, पण ते मुख्यतः महागड्या वर्कस्टेशनसाठी होते. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये डायरेक्टएक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत डायरेक्टथ्रीडी आणले, पण सुरुवातीला ते वापरायला किचकट होते. त्यामुळे चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापले एपीआय काढले. त्याचा परिणाम ‘टूम रेडर’सारख्या गेममध्ये दिसला. व्हूडू, रेंडिशन, एस-थ्री व्हर्ज अशा कार्डांसाठी त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या. एका कार्डासाठीची आवृत्ती दुसऱ्यावर चालत नसे.

या गर्दीत थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड १९९६ मध्ये आले. ते फक्त त्रिमितीय चित्रे काढत असे. साध्या कामासाठी संगणकात दुसरे कार्ड लागायचे आणि दोन्ही एका केबलने बाहेरून जोडावी लागायची. तरीही ते लोकप्रिय झाले. त्याचे एक कारण वेग, आणि दुसरे कारण ग्लाइड. ग्लाइड हा व्हूडूसाठीच बनवलेला छोटा, सोपा एपीआय होता. त्यात चिपला जमते तेवढेच होते, त्यामुळे गेम लिहिणाऱ्यांचे काम हलके झाले.

‘क्वेक’ या गेमने वेगळी वाट धरली. १९९७ च्या सुरुवातीला त्याची ओपनजीएलवर चालणारी आवृत्ती आली. व्हूडूकडे पूर्ण ओपनजीएल नव्हते. म्हणून ‘क्वेक’ला लागतात तेवढ्याच आज्ञा समजणारा एक छोटा ड्रायव्हर बनवला गेला. त्याला मिनीजीएल म्हणत. ‘ओपनजीएल चालते’ आणि ‘या गेमपुरते ओपनजीएल चालते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच दिसून आले.

ग्लाइड मागे का पडले?

ग्लाइडची ताकद हीच त्याची मर्यादा होती. ते एकाच कंपनीच्या कार्डावर चालत असे. एनव्हिडियाची रिव्हा टीएनटी १९९८ मध्ये आणि जीफोर्स २५६ हे कार्ड १९९९ मध्ये आले, तसा व्हूडूचा वेगातला लाभ संपत गेला. दरम्यान डायरेक्टथ्रीडी सुधारले होते. एकदा लिहिलेला गेम सगळ्या कंपन्यांच्या कार्डांवर विकता येत असेल, तर एकाच कंपनीसाठी कोण लिहील? थ्रीडीएफएक्सने १९९९ च्या अखेरीस ग्लाइड खुले केले, पण तोवर उशीर झाला होता. डिसेंबर २००० मध्ये कंपनीने आपली मुख्य मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याची घोषणा केली. व्हूडू घेणाऱ्यांची कार्डे बिघडली नव्हती. पण त्यांना नवे अधिकृत ड्रायव्हर मिळणे बंद झाले.

सर्वांसाठीचे मानकही एका कंपनीच्या हाती असू शकते. डायरेक्टएक्स १० मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टापासून पुढेच दिले. त्यामुळे जीफोर्स ८८०० सारखे सक्षम कार्ड असूनही विंडोज एक्सपीवर डायरेक्टएक्स १० चे गेम अधिकृतपणे चालत नव्हते. इथे कार्ड नव्हे, ऑपरेटिंग सिस्टिम आडवी आली.

आकडा तोच, क्षमता वेगळी

आज विंडोजवर डायरेक्टएक्स १२ आणि अनेक प्रणालींवर चालणारे व्हल्कन ही प्रमुख मानके आहेत. ॲपलचे स्वतःचे मेटल आहे. पण खोक्यावर ‘डायरेक्टएक्स १२’ लिहिले म्हणजे सगळे आले असे नाही. त्या मानकातही ‘फीचर लेव्हल’ नावाच्या पायऱ्या असतात. रे ट्रेसिंग आणि मेश शेडरसारख्या नव्या सुविधा असलेल्या कार्डांसाठी २०२० मध्ये ‘डायरेक्टएक्स १२ अल्टिमेट’ हे नाव ठरवण्यात आले.

हा फरक किती मोठा ठरतो? २०१७ चे जीटीएक्स १०८० टीआय हे त्या काळातले अव्वल कार्ड, ११ जीबी मेमरीचे. पण २०२४ च्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या गेमला रे ट्रेसिंगचे हार्डवेअर लागतेच, आणि ते या कार्डात नाही. त्याच गेमच्या किमान यादीत मात्र मधल्या दर्जाचे आरटीएक्स २०६० सुपर आहे. म्हणून जुने महागडे कार्ड स्वस्तात मिळते आहे, एवढ्यावरून निर्णय घेऊ नये.

जुन्या गेमचे काय?

जुन्या भाषेसाठी अनुवादक प्रोग्राम असतात. एनग्लाइड हा प्रोग्राम ग्लाइडच्या आज्ञा आजच्या कार्डांना समजतील अशा करून देतो. लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारे व्हॉल्व्ह कंपनीचे प्रोटॉनही डायरेक्टथ्रीडीचे व्हल्कनमध्ये रूपांतर करते. पण कार्डात जी क्षमताच नाही, तिची भरपाई अनुवादाने सहसा होत नाही.

कार्ड घेण्यापूर्वी काय तपासावे?

• स्लॉट: पीसीआय एक्सप्रेसची नवी कार्डे जुन्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये साधारणपणे चालतात. पण आरएक्स ६५०० एक्सटीसारखी चारच लेन वापरणारी कार्डे जुन्या स्लॉटमध्ये मंदावतात.
• वीज: स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. आठ पिनांची नेहमीची जोडणी आणखी १५० वॅट देते. एसएमपीएसची क्षमता आणि जोडण्या दोन्ही पाहाव्यात.
• जागा: कार्डाची लांबी आणि जाडी कॅबिनेटमध्ये मोजून घ्यावी.
• ड्रायव्हर: कंपनी त्या मालिकेला अजून नवे ड्रायव्हर देते का, हे तिच्या संकेतस्थळावर पाहावे.
• गेमची किमान यादी: मेमरीचा आकडा पाहून थांबू नये. कार्डाची पिढी, डायरेक्टएक्सची पायरी आणि रे ट्रेसिंगची अट वाचावी.

पहिल्या तीन गोष्टी कार्ड बसेल का ते सांगतात. गेम चालेल का, हे शेवटच्या दोन सांगतात.