ईम गावाने स्वतःला कोंडून घेतले तेव्हा: १६६५–६६ चा प्लेग आणि दोन धर्मगुरू

धागा दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

सप्टेंबर १६६५. इंग्लंडच्या डार्बीशर परगण्यातील डोंगराळ भागात वसलेले ईम नावाचे गाव. वस्ती शेतकऱ्यांची आणि शिशाच्या खाणींत राबणाऱ्या कष्टकऱ्यांची. तेथील अलेक्झांडर हॅडफिल्ड या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा एक गठ्ठा आला. कापड वाटेत दमटले होते, म्हणून शिंप्याच्या हाताखालच्या जॉर्ज विकर्सने गठ्ठा सोडून ते चुलीपुढे वाळत घातले. कापडाच्या घड्यांत पिसवा होत्या. थोड्याच दिवसांत विकर्सला ताप भरला आणि अंगावर गाठी आल्या. ७ सप्टेंबर रोजी त्याचे दफन झाल्याची नोंद गावच्या चर्चच्या वहीत आहे.

त्या वर्षी लंडन प्लेगने उजाड होत होते. पिसवा आणि प्लेग यांचा संबंध मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. रोगाचा जंतू सापडण्यास १८९४ साल उजाडावे लागले आणि पिसवांची भूमिका उमगली ती त्यानंतर. १६६५ च्या माणसाला एवढेच दिसत होते की हा आजार माणसामागून माणूस उचलतो आणि औषध कोणाकडे नाही.

हिवाळ्यात साथ मंदावली. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. उन्हाळा सुरू होताच ती पूर्वीपेक्षा अधिक वेगाने परतली. ज्यांना परवडत होते, अशी काही सधन कुटुंबे तोवर गाव सोडून गेली होती. उरलेले लोकही निघण्याच्या विचारात होते. नेमक्या याच वेळी, जून १६६६ मध्ये, गावाने जो निर्णय घेतला त्यामुळे ईमचे नाव आजही घेतले जाते. तो निर्णय असा की कोणीही गावाची सीमा ओलांडायची नाही. आतल्याने बाहेर जायचे नाही, बाहेरच्याने आत यायचे नाही.

ही कथा बहुधा एका तरुण पाद्र्याच्या शौर्याची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. खरी गोष्ट दोन धर्मगुरूंची आहे, आणि ते दोघे एकमेकांच्या विरुद्ध पक्षांत होते.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांचे गृहयुद्ध झाले, राजाचा शिरच्छेद झाला, देशात प्युरिटनांचा वरचष्मा राहिला आणि १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परतला. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक धर्मगुरूला अधिकृत प्रार्थनापुस्तक जसेच्या तसे मान्य करणे सक्तीचे केले. सुमारे दोन हजार धर्मगुरूंनी ते नाकारले आणि त्यांची पदे गेली. ईमचे थॉमस स्टॅन्ली त्यांपैकी एक. गावकऱ्यांचा त्यांच्यावर जीव होता. पद गेल्यावरही ते गावाच्या कडेलाच राहत होते.

१६६४ मध्ये त्यांच्या जागी विल्यम मॉम्पेसन आले. वय तिशीच्या आत, केंब्रिजचे शिक्षण, राजनिष्ठ चर्चचा माणूस. सोबत पत्नी कॅथरिन आणि दोन लहान मुले. गावाच्या दृष्टीने हा सरकारने लादलेला परका गृहस्थ. त्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

आता लंडनमध्ये काय चालले होते तेही पाहू. १६६५ च्या साथीत तेथील अनेक अधिकृत धर्मगुरू शहर सोडून गेले. रिकाम्या पडलेल्या व्यासपीठांवर पदच्युत केलेले प्युरिटन चढले आणि मरणाच्या छायेतील लोकांना धीर देऊ लागले. थॉमस व्हिन्सेंट हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव. पार्लमेंटला ही सेवा रुचली नाही. लंडनमधील प्लेगमुळे ऑक्सफर्डला भरलेल्या त्या पार्लमेंटने ऑक्टोबर १६६५ मध्ये ‘पाच मैलांचा कायदा’ केला. पदच्युत धर्मगुरूने विशिष्ट शपथ घेतल्याखेरीज आपल्या जुन्या पॅरिशच्या पाच मैलांच्या आत पाऊल टाकायचे नाही, असा तो कायदा. मार्च १६६६ पासून तो लागू झाला. म्हणजे जूनमध्ये स्टॅन्ली ईममध्ये राहून लोकांत वावरत होते, तेव्हा कायद्याची टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर होती.

आणि मॉम्पेसन त्यांच्याकडेच गेले. ज्याची जागा आपण घेतली त्याच्याकडे, ज्याचा पंथ आपल्या पंथाला चुकीचा वाटतो त्याच्याकडे. एकट्याच्या सांगण्याने गाव थांबणार नाही, हे त्यांनी ओळखले असले पाहिजे. दोघांनी मिळून योजना आखली आणि ती गावापुढे मांडली.

साथीच्या वेळी ख्रिस्ती माणसाने पळावे की थांबावे, हा प्रश्न त्या काळी जुनाच होता. १५२७ मध्ये विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा मार्टिन ल्यूथर तेथेच थांबले आणि या प्रश्नावर त्यांनी एक खुले पत्र लिहिले. जीव वाचवण्याची इच्छा हे पाप नव्हे, मात्र ज्याच्यावर इतरांची जबाबदारी आहे त्याने, विशेषतः धर्मोपदेशकाने आणि शासकाने, जागा सोडू नये, असे त्यांचे मत. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली होती: आपल्यामुळे दुसऱ्याला रोग लागेल असे वागणे ही श्रद्धा नव्हे, ती ईश्वराची परीक्षा पाहणे आहे. ईममध्ये हे पत्र कोणी वाचले होते असा माझा दावा नाही. पण सेवेसाठी जवळ जाणे आणि सेवेसाठीच दूर राहणे, या दोन्ही गोष्टी त्या परंपरेत आधीपासून होत्या, एवढे लक्षात ठेवावे.

ईमच्या योजनेचे तीन भाग होते. पहिला दफनाचा. मृताला चर्चच्या आवारात न नेता घरच्यांनीच आपल्या बागेत किंवा शेतात पुरायचे. आज हे साधे वाटते. त्या काळच्या श्रद्धाळू माणसासाठी पवित्र भूमीत, प्रार्थनेसह आणि पूर्वजांशेजारी दफन होणे किती मोलाचे होते याचा विचार करा. दुसरा भाग उपासनेचा. चर्चला कुलूप लावले गेले आणि रविवारची उपासना गावाजवळच्या ककलेट डेल्फ या चुनखडीच्या खोलगट दरीत, उघड्या आकाशाखाली होऊ लागली. कुटुंबे एकमेकांपासून अंतर राखून गवतावर उभी राहत.

तिसरा भाग अर्थातच सीमाबंदीचा. गाव उपाशी राहू नये म्हणून चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशर यांनी अन्न आणि गरजेच्या वस्तू पुरवल्या. शेजारच्या गावांचे लोक सीमेवरच्या खुणेच्या दगडापाशी सामान ठेवून निघून जात. ईमचे लोक मोबदल्याची नाणी दगडातील खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात ठेवत, म्हणजे रोग पैशांबरोबर जाऊ नये. डोंगरावरच्या एका झऱ्यापाशीही अशीच देवाणघेवाण चाले. तो झरा आजही मॉम्पेसनची विहीर म्हणून दाखवला जातो.

मराठी वाचकाला येथे १८९७ चे पुणे आठवल्यावाचून राहणार नाही. रोग तोच, विलगीकरणही होते. पण ते गोऱ्या सैनिकांनी घरांत शिरून लादलेले. पुढे काय झाले ते आपण जाणतो. ईमच्या सीमेवर सैन्याचा वेढा नव्हता. लोक थांबले ते मुख्यतः दोन माणसांच्या शब्दावर, आणि त्यांतल्या एकाला तेथे राहण्याचा कायदेशीर अधिकारही धड नव्हता.

थांबण्याची किंमत भयंकर होती. जुलैमध्ये ५६ माणसे गेली, ऑगस्टमध्ये ७८. एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने ऑगस्टच्या अवघ्या आठ दिवसांत आपला पती आणि सहा मुले गमावली. नियम असा की घरच्यांनीच पुरायचे, आणि घरात दुसरे मोठे माणूस उरले नव्हते. गावाबाहेरच्या उतारावर तिने एकटीने सात खड्डे खणले. रायली कबरी या नावाने ती जागा आज जतन केलेली आहे.

ज्यांना पुरायला घरचे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठी मार्शल हाउ नावाचा धिप्पाड खाणकामगार पुढे आला. आजारातून आपण एकदा उठलो, आता तो आपल्याला शिवणार नाही, अशी त्याची समजूत. गावातील परंपरा सांगते की मोबदला म्हणून तो मृतांच्या वस्तू घेऊन जाई. पुढे त्याची पत्नी आणि मुलगाही प्लेगने गेले. सेवा म्हणावी की लोभ? बहुधा दोन्ही. मला हा माणूस या सर्व कथेत सर्वांत खरा वाटतो.

मॉम्पेसन दांपत्याने आपली मुले बंदी लागू होण्यापूर्वीच यॉर्कशरला नातलगांकडे पाठवली होती, हेही सांगायला हवे. गावातील गरिबाला ती सोय नव्हती. कॅथरिन मात्र मुलांबरोबर गेल्या नाहीत. पतीनेही निघावे म्हणून त्यांनी आधी विनवले होते. ते ऐकेनात, तेव्हा त्याही राहिल्या आणि आजाऱ्यांच्या घरी जात राहिल्या. २५ ऑगस्ट १६६६ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या प्लेगने गेल्या. त्यांची कबर चर्चच्या आवारात आहे. आवारातील दफन गावाला बंद असताना हा अपवाद झाला. त्याबद्दल त्या वेळी कोणी कुरकुर केली की नाही, याची इतिहासात नोंद नाही.

मॉम्पेसन यांची त्या काळातील तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. एक मुलांना, त्यांची आई गेल्याचे कळवणारे. दुसरे आश्रयदाते सर जॉर्ज सॅव्हिल यांना, आता आपणही जाणार असे गृहीत धरून लिहिलेले. आपल्या जागी विनम्र आणि धर्मशील माणूस नेमावा, अशी विनंती त्यात आहे. तिसरे पत्र नोव्हेंबरचे, साथ ओसरल्यावरचे. ७६ कुटुंबांत रोग शिरला आणि २५९ माणसे गेली, असा हिशेब ते त्यात देतात आणि आपल्या गावाला गोलगोथाची, म्हणजे येशूला क्रूसावर दिले त्या कवटीच्या टेकडीची, उपमा देतात. साथीचा शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर १६६६ चा.

गावाची एकूण वस्ती किती होती? जुनी पुस्तके साडेतीनशे सांगतात. अलीकडचे अभ्यासक सातशेच्या आसपास मानतात. कोणताही आकडा घेतला तरी किमान तीन माणसांमागे एक गेला.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवेत असे काही प्रश्न. पॅट्रिक वॉलिस या इतिहासकाराने २००६ मध्ये दाखवून दिले की समकालीन पुरावा तोकडा आहे आणि आज सांगितली जाणारी वीरकथा बरीचशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील लेखकांनी घडवली आहे. एक उदाहरण पाहा. एमट सिडल ही ईमची तरुणी आणि रोलंड टॉर हा शेजारच्या गावचा तिचा वाग्दत्त वर, यांची कथा पर्यटकांना हमखास ऐकवली जाते: सीमाबंदीमुळे दोघे दरीच्या दोन टोकांना उभे राहून एकमेकांना पाहत. सुंदर कथा. पण एमट गेली एप्रिल १६६६ मध्ये, आणि सीमाबंदी झाली जूनमध्ये. कथेतील तारखा तपासण्याची सवय लावून घ्यावी ती यासाठी.

दुसरा प्रश्न अधिक कठीण. बंदीमुळे ईममधील मृत्यू वाढले का? पिसवांनी भरलेल्या घरांत माणसांना थांबवून ठेवले, म्हणून ती मेली, असा आक्षेप पूर्वीपासून आहे. २०१६ मध्ये गावच्या दफननोंदींचा गणिती अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष असा की बहुतेक संसर्ग माणसाकडून माणसाला झाला असावा. तसे असेल, तर लोक पांगले असते तर रोगही त्यांच्याबरोबर पांगला असता. आजूबाजूच्या परिसरात साथ पसरली नाही, हे मात्र खरे. लोक स्वेच्छेनेच थांबले का, यावरही वाद आहे. शेजारी गावे ईमच्या माणसाला आत घेण्यास राजी नव्हती. शेफिल्डने आपल्या बाजूला पहारे बसवले होते. जायला जागा नसणे आणि न जाण्याचा निश्चय, या दोहोंमधील रेषा त्या उन्हाळ्यात पुसट झाली असेल.

पण मला दोन धर्मगुरूंच्या त्या भेटीचा विचार सोडवत नाही. सीमाबंदीची कल्पना कोणालाही सुचली असती. शहरांत ती माहीत होतीच. तिच्यासाठी आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या दारात जाणे आणि त्याने ते दार उघडणे, हे त्या काळच्या इंग्लंडमध्ये दुर्मीळ होते.

पुढे दोघांचे काय झाले? साथीनंतर स्टॅन्ली यांना गावातून हाकलावे अशी मागणी काहींनी केली. कायद्याने ती योग्यच होती. ज्याने गावासाठी इतके केले त्याला काय म्हणून काढायचे, असे म्हणत अर्ल ऑफ डेव्हनशर यांनी ती फेटाळली, असे सांगतात. १६७० मध्ये स्टॅन्ली ईममध्येच वारले.

मॉम्पेसन १६६९ मध्ये नॉटिंगहॅमशरमधील ईकरिंग या गावी धर्मगुरू म्हणून गेले. साथ संपून तीन वर्षे होत आली होती. तरीही हा प्लेगच्या गावचा माणूस म्हणून तेथील लोकांनी त्यांना गावात घेण्याचे नाकारले. परंपरा सांगते की काही काळ ते सॅव्हिल यांच्या रफर्ड येथील उपवनात एका झोपडीत राहिले आणि गावाबाहेरच्या एका अ‍ॅश वृक्षाखाली उभे राहून उपदेश करू लागले. हळूहळू लोकांची भीती गेली. मॉम्पेसन यांनी पुन्हा विवाह केला आणि १७०९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ईकरिंगमध्येच राहिले. ते झाड केव्हाच पडले. त्या जागी आता एक दगडी क्रूस उभा आहे.