शिकलगाराची साण

मंडळी, आपल्या नांदेड-लातूरकडचा काळा दगड जात्याला, पाट्या-वरवंट्याला उत्तम. पण बारीक धारेला तो खरबरीत पडतो. जपानात क्योतोजवळच्या डोंगरांत बारीक कणांचा गाळाचा दगड निघायचा, त्यावर तलवारी घासल्या जात. आपल्याकडं तसा दगड नाही. मग इथल्या कारागिरानं काय करायचं? कुरुंदाची पूड लाखेत कालवून चाकच घडवलं, ती साण. संस्कृतातला ‘शाण’ तो हाच. शिकलगार हे नाव मात्र अरबी ‘सैकल’वरून आलं, म्हणजे घासून चकाकी देणं. नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींचं निधन झालं. तिथल्या तख्तात शस्त्रं आजही जपली जातात. तलवार चालवणाऱ्यांची नावं इतिहासात ढीगभर सापडतात, साण फिरवणाऱ्याचं आम्हाला क्वचितच दिसलं.

आणि गंमत बघा, आज जपानी म्हणून विकले जाणारे बहुतेक दगड कारखान्यातले. त्यांतल्या कित्येकांत ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं, म्हणजे रसायनाच्या हिशोबानं आपला कुरुंदच! तेव्हा किमतीला भुलू नका. घरच्या सुरीला १००० नंबरचा पुरे. भिजवायचा असेल तर बुडबुडे थांबेस्तोवर पाण्यात ठेवावा, पातं थोडं तिरपं धरावं, पलीकडच्या कडेला बोटाला खरखर लागली की बाजू बदलावी. ऊसतोडीच्या कोयत्याला एवढे लाड नकोत, त्याला कानस चालते.